एक पूर्णांक दोन

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तसे बाप लोक भिंतीला टेकून उभे राहिले, आया खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसल्या. एल्मरिज गावच्या वाचनालयाने दारात भोपळे मांडले होते, आत सफरचंदाचा गरम रस ठेवला होता. पण त्या शनिवारी दुपारी रसाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. सगळ्यांचे डोळे मंचावरच्या प्रेस्टन वेलवर खिळले होते.

वेल कुठल्याच कॉलेजचे डीन नव्हते, कधी झालेही नव्हते. पण गाव त्यांना डीनसाहेब म्हणायचं. बारावीच्या मुलाला ते समोर बसवत, गुण विचारत, निबंधातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावत. मग डोळे मिटून दोन बोटं कपाळाला लावत. हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळण्याची शक्यता किती टक्के, ते ऐकायला हॉल श्वास रोखून बसे.

"सत्तावीस पूर्णांक चार!"

"बघितलंत?" पुढच्या रांगेतली बाई कुजबुजली. "नुसतं सत्तावीस टक्के नाही. पूर्णांक चार!"

त्या दशांशानेच गाव जिंकलं होतं. 'बरं दिसतंय' असं कुणीही सांगेल. पूर्णांक चार सांगायला अंगात काहीतरी असावं लागतं!

मागे, कोट टांगायच्या खुंट्यांजवळ, एव्हरेट इंगरसोल बसले होते. गावच्या हायस्कुलात गणित शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते, पण चार मोठ्या माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की आजही जिभेला गाठ पडे. त्यांच्या वर्गातल्या ग्रेटा पावलकच्या आईने आग्रह केला म्हणून ते आले होते, आणि आल्याचा पश्चात्ताप करत होते.

ग्रेटाचा नंबर आला. ही मुलगी दोन उन्हाळे खाडीच्या चिखलात खेकड्यांच्या मागे फिरली होती. हॅलोवेल कॉलेजचं समुद्रकाठी स्वतःचं संशोधन केंद्र होतं. तिला तिथंच जायचं होतं. नोव्हेंबर लागण्याआधी कुठल्यातरी एकाच कॉलेजला आगाऊ अर्ज करता येतो, आणि प्रवेश मिळाला तर तिथंच जावं लागतं. बाण एकच. मुदत संपायला तीन दिवस उरले होते.

वेलनी डोळे मिटले. "दार दिसतंय... हॅलोवेलचं... बंद आहे पोरी. एक पूर्णांक दोन."

ग्रेटाने हातातला निबंध दुमडून ठेवला.

"बाण वाया घालवू नका, पावलकबाई," वेल हळुवारपणे म्हणाले. "तो सरकारी कॉलेजकडे सोडा. तिथं मला एक्क्याण्णव दिसतायत."

"तिथं शंभरातल्या नव्वदांना घेतातच," ग्रेटा पुटपुटली.

"गप गं! घरी गेल्या गेल्या अर्ज बदलायचा."

"आई, पण—"

"पण नाही नि बिण नाही. डीनसाहेबांचं 'नाही' आजवर एकदाही चुकलेलं नाही. विचार कुणालाही."

हॉलने माना डोलावल्या. ग्रेटाने मागे वळून पाहिलं. इंगरसोलांनी मनात वाक्य जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. आपलंच चुकत असेल तर? एका मुलीचं वर्ष पणाला लागायचं. तरीही ते उठले. उठताना खुंटीवरचा कुणाचा तरी कोट खाली पडला आणि सगळा हॉल मागे वळला.

"मला... एक विचारायचंय," ते म्हणाले. "ज्यांना तुम्ही 'नाही' सांगितलंत, त्यांपैकी त्याच कॉलेजला तरीही अर्ज किती जणांनी केला?"

वेल मोकळेपणाने हसले. "मास्तर, इतकं मूर्ख या गावात कुणी नाही!"

हॉलमध्ये हशा पिकला. इंगरसोलांचे कान लाल झाले.

"म्हणजे एकानेही नाही," ते म्हणाले. "मग तुमचं 'नाही' खरं ठरलं, हे कळलं कसं?"

हशा मध्येच तुटला.

इंगरसोलांनी मंचाच्या कोपऱ्यातल्या पियानोकडे बोट केलं. "समजा, तो पियानो कुणालाही उचलवणार नाही, असं मी सांगतो, आणि त्याला हातही लावू देत नाही. उद्या म्हणतो, बघा, माझा शब्द चुकला नाही."

"आणि माझं 'हो'?" वेलचा आवाज चढला. "कॉस्टिगनबाई, सांगा यांना!"

पुढच्या रांगेतली बाई ताडकन उठली. "माझ्या ब्रेंडनला चाळीस सांगितले होते. मिळाला प्रवेश! शब्द खरा केला डीनसाहेबांनी."

"माझ्या मुलीलाही चाळीसच सांगितले होते," खिडकीतली दुसरी बाई हळू बोलली. "नाही मिळाला. तेव्हा ते म्हणाले, साठ विरुद्ध होते, मी आधीच सांगितलं होतं. आणि मी... मी सगळ्यांना सांगत फिरले, किती अचूक माणूस!"

कॉस्टिगनबाई हळूच खाली बसल्या.

पावलकबाई तरातरा मागे आल्या. "मग तुम्ही सांगा, सर. किती टक्के?"

"मला माहीत नाही."

"मग उभे कशाला राहिलात?"

"हॅलोवेल शंभरात आठांना घेतं. ग्रेटा चांगली आहे. यापुढचं मलाही माहीत नाही, त्यांनाही नाही." त्यांनी खाली पडलेला कोट उचलून खुंटीला लावला. "दार बंद आहे की उघडं, ते दार वाजवल्याशिवाय कळत नाही बाई."

ग्रेटाचा हात धरून पावलकबाई तडक घरी निघाल्या. पण मंगळवारी अर्ज हॅलोवेललाच गेला. 'नाही' ऐकून बसलेल्या आणखी सहा मुलांनीही आपापली दारं वाजवली.

डिसेंबरात निकाल आले. ग्रेटाला नकार.

"डीनसाहेबांनी सांगितलंच होतं!" गावात पुन्हा सुरू झालं. इंगरसोलांना दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी ते पावलकांच्या दारात जाऊन उभे राहिले. माफीचं वाक्य वाटेतच विसरले होते.

"सर, आत या," ग्रेटा म्हणाली. डोळे सुजलेले होते. "मी हिशेब केला. हॅलोवेलला जाणाऱ्या प्रत्येकाला डोळे मिटून 'नाही' म्हटलं, तरी शंभरात ब्याण्णव वेळा बरोबर येईल. आमच्या मांजरालाही जमेल ते."

"मांजर पूर्णांक दोन म्हणणार नाही," पावलकबाई आतून म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं.

"आणि ओवेन बॅरोजचं ऐकलंत?" ग्रेटाने विचारलं. "त्या सहांतला. त्याला डीनसाहेबांनी शून्य पूर्णांक नऊ सांगितले होते. त्याला घेतलं! डीनसाहेब म्हणतात, मी शून्य कुठं म्हटलं होतं?"

या वेळी मात्र गाव हसलं, ते डीनसाहेबांवर.

"तुला वाईट वाटत असेल," इंगरसोल कसंबसं म्हणाले.

"वाटतंय ना. पण आधी मला नुसतं सांगितलं होतं. आता मला माहीत आहे." तिने टेबलावरचे कागद पुढे ओढले. जानेवारीतल्या नेहमीच्या फेरीसाठी आणखी पाच कॉलेजांचे अर्ज होते. "हे वाचून द्याल? टक्के नकोत. चुका सांगा."

सरांनी चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून बसले.

जो कधीच चुकत नाही, तो ज्ञानी आहे असं समजायची घाई करू नका. आधी एवढंच विचारा, की त्याला खोटं ठरवायची संधी त्याने कधी कुणाला दिली का? नसेल, तर त्याचं ऐकून आपल्या मुलांच्या दाराला आपणच कुलूप लावू नका. मुलांना दार वाजवू द्या.