जांभळ्या शिरांचं काळीज

धक्क्यावरच्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. काचेच्या भांड्यात, खाऱ्या पाण्यात ते होतं: मुठीएवढं, पिवळंधमक, अंगभर जांभळ्या शिरा आणि वर दोन तोंडं, आतून केशरी.

“सागराचं काळीज!” महाराज गरजले. “साती समुद्रांत एकच! कुणाचं हृदय थकलंय? या पुढे!”

माझी धाकटी जाऊ पुढे घुसली. महाराजांच्या सांगण्यावरून तिने चार दिवस हृदयाच्या गोळ्या सोडल्या होत्या. ओठ काळवंडले होते. माझा उपवास होता, पण त्या दिवशी जपात मन टिकेना.

महाराजांनी काळीज मुठीत घेतलं. “सागरमाते, गोळ्यांची गरज संपली असेल तर तीर्थ दे!”

सुर्रकन धार जावेच्या कपाळावर आली. जयजयकार उसळला.

“पाहिलंत ताई?” ती धापा टाकत म्हणाली.

“एकच ना हो, महाराज?” मागून खणखणीत आवाज आला. होड्यांचे दोर खरवडणारी बाई बादली घेऊन उभी होती. “मग आज एका दोरावर ही अठरा कशी निघाली?”

बादलीत अठराच्या अठरा काळजं! तिने एक जावेच्या हातात दिलं. “विचारा, गोळ्या चालू ठेवू का? आणि दाबा.”

सुर्र! धार थेट महाराजांच्या दाढीत.

“दोन्हीला हो म्हणतंय की!” कुणीतरी खिदळलं.

“हो कसलं? मुका जीव तो. एका तोंडाने पाणी ओढतो, त्यातलं अन्न गाळून घेतो, दुसऱ्याने पाणी सोडतो. दाबला की पिचकारी. म्हणून तर महाराज दर भक्तामागे त्याला ‘स्नान’ म्हणून परत भांड्यात बुडवतात. पाणी भरायला!”

“मग आम्हाला कधी दिसला कसा नाही?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

“रोज तुडवता की! आम्ही खरवडून टाकतो तो तपकिरी ढीग म्हणजे हेच. उन्हात रंग जातो. जिवंत असतो तो धक्क्याखाली, पाण्यात बुडलेल्या दोरांना, खांबांना चिकटून. तिथे वाकून बघतंय कोण?”

“सागर कोपेल!” म्हणत महाराज मागच्या दाराने सटकले. दाढी अजून ठिबकत होती.

जाऊ मात्र हलेना. “पण ताई, मला बरं वाटत होतं.”

“बाई गं, जिना तरी चढवत होता का तुला?”

तिने हातातलं काळीज बादलीत ठेवलं. मी तिला धरून थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि ओरडायचंही विसरून आधी प्राणवायू लावला.

त्या जिवाचे रंग पाहून मीही हात जोडले, ज्याने ते रंगवले त्याला. पण श्रद्धेने गोळी कधी बंद होत नाही. जो बंद करायला सांगेल, त्याच्या मुठीत काय आहे ते आधी उघडून बघा. जाऊ वाचली. दोन दिवस आणखी गेले असते, तर ही गोष्ट सांगायला मला तोंड राहिलं नसतं.