पर्यायी व्यवस्था

कुसुमावतीबाईंना जन्मभर पाण्याची भीती. ती घालवायला त्यांना सहासष्टावं वर्ष सापडलं! कोथरूडला तलावावर बायकांच्या बॅचमध्ये नाव घातलं, आणि काठ सोडून दोन हात मारता यायला लागले न लागले तोच दिल्लीहून लेकाचा फोन.

"आई, पाळणाघरातली टीचर सोडून गेली. दोन आठवडे येशील का?"

त्या दोन आठवड्यांचे चार महिने कसे झाले, ते विक्रांतलाच विचारा. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत नातवामागे धावताना बाई रोज पोहण्याचं स्वप्न बघायच्या. अथर्व तीन वर्षांचा, गोड आणि आगाऊ. "आजी, झूल्यावर चल ना यार," म्हणायचा. झोपाळा हा शब्द त्याच्या कानावरूनही गेलेला नव्हता. सून मृणाल सकाळी गुरुग्रामच्या ऑफिसला जायची ती दिवेलागणीला यायची. तिचा दोष नाही हो, पण बाईंचाही नव्हता.

मग पाळणाघरात रेवती आली. वाशीमची पोरगी, बालशिक्षणाचा रीतसर कोर्स केलेली. तिच्याकडे मुलं अशी रमायची की संध्याकाळी घरी यायला रडायची. अथर्व तर आठवड्याभरात मराठीत बडबडगीतं म्हणायला लागला. बाईंनी सुस्कारा सोडला आणि बॅग भरायला घेतली. तेवढ्यात एका संध्याकाळी पाळणाघराच्या फाटकाशी रेवती म्हणाली, "काकू, महिनाअखेरीला मी सोडतेय. सरोजिनी नगरात कुर्त्यांच्या दुकानात काम मिळालंय. इथल्या दुप्पट देतात."

"अगं, कुर्त्या विकायला दुप्पट आणि पोरं घडवायला निम्मं?"

"इथे पगार नसतो, काकू. मानधन असतं. तेही अनुदान आलं की मिळतं."

बाईंनी भरलेली बॅग तशीच पलंगाखाली ढकलली. त्यांना रडूच आलं, खोटं कशाला बोला.

रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. विक्रांत एका मंत्रालयात अवर सचिव. त्याने शांतपणे वरण ओढून घेतलं.

"अच्छा, ती टीचर? ते प्रपोजल आमच्याकडेच आहे ना. सगळ्या सरकारी वसाहतींतल्या पाळणाघरांच्या शिक्षिकांना सरकारने पूर्ण पगार द्यायचा, ट्रेन्ड टीचरसारखा. बरेच दिवस झाले फाइलला."

"तुझ्या टेबलावर?" बाईंचा घास हातातच राहिला. "मग पुढे का जात नाही?"

"आई, अर्जन्सी दाखवावी लागते. पालकांची तक्रारच नाही. टीचर गेली की ते पर्यायी व्यवस्था करतात. मी तसंच नोट केलंय."

"पर्यायी व्यवस्था म्हणजे कोण रे?"

विक्रांत वरणात बघायला लागला. मृणालला हसू फुटलं, ते तिने पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

"म्हणजे... तू."

असं होय! बाई काही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की घराने सावध व्हावं, हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. दिल्लीत राहून विक्रांत ते विसरला होता.

दुसऱ्या दिवशी बागेतल्या बाकावर बाईंनी सभा घेतली. तिथे रोजच्या तिघी असायच्या. केरळच्या अम्मूम्मा, ज्यांची लेक विक्रांतची जॉइंट सेक्रेटरी. भटिंड्याच्या बीजी, ज्यांचा मुलगा वित्त विभागात. आणि आपल्या कुसुमावतीबाई. तिघींचं हिंदी तीन प्रकारचं, पण दुःख एकच. अम्मूम्मांची नारळाची बाग भाडेकरूच्या ताब्यात होती, बीजींची म्हैस जावेच्या. दोघींनाही 'थोड्याच दिवसांसाठी' बोलावलेलं.

"हम क्या हैं, मालूम है?" बाई म्हणाल्या. "हम पर्यायी व्यवस्था हैं. सरकारी फाइल में लिखा है. हम फुकट हैं, इसलिए टीचर को पैसा नहीं."

बीजींनी हे आधी समजून घेतलं आणि मग जे पंजाबीत म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"तो?" अम्मूम्मांनी विचारलं.

"तो टिकट." बाईंनी मोबाइल काढला. "नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही."

सोमवारची तिकिटं निघाली. तिघींची, तीन दिशांना. संध्याकाळी तीन घरांत जो गोंधळ उडाला, त्याचा आवाज खालच्या पहारेकऱ्यापर्यंत गेला असेल.

"आई, असं काय करतेस? सोमवारी माझी मीटिंग आहे!" विक्रांत म्हणाला.

"अहो आई, माझं तर सॉफ्टवेअरचं रिलीज आहे," मृणाल म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आणि काय रे, फाइल तुझ्याकडे असताना मला पत्ता नाही? मी दर वेळी आईंच्या हातापाया पडते, आणि तू मजेत 'तक्रार नाही' लिहितोस?"

"मृणाल, प्रोसेस असते यार."

"मग ही घे तक्रार," बाई म्हणाल्या. "माझी. लेखी हवी असेल तर तशी देते."

तेवढ्यात विक्रांतचा फोन वाजला. तो ताडकन उभाच राहिला. "यस मॅडम. जी मॅडम. वो क्रेशवाली फाइल... बिल्कुल मॅडम, कल सुबह." पलीकडून अम्मूम्मांचा मल्याळी आवाज घरभर ऐकू येत होता.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आपण म्हणतो. पण सचिवाच्या घरातली आई बॅग घेऊन दाराशी बसली, की तेच काम कसं पळतं बघा. विक्रांतने तक्रारीची नोंद करून नोट बदलली. मॅडमनी सही केली. वित्त विभागात बीजींच्या चिरंजीवांनी एकही शंका काढली नाही, आणि त्या विभागात असं कधी होत नाही म्हणतात. शुक्रवारी विक्रांत घरी आला तो पेढे घेऊनच. मंजुरी मिळाली होती. पुढच्या महिन्यापासून पूर्ण पगार, सरकारी तिजोरीतून, दर महिन्याला.

"जिंकलीस बाई तू," तो म्हणाला. खरं तर तोही खूश होता.

दुकानवाल्याला होकार जायच्या आत रेवतीला गाठायला हवं होतं. बाई रिक्षा करून कोटल्याला तिच्या खोलीवर गेल्या. अरुंद जिना चढून धापा टाकत दार वाजवलं. दार उघडलं ते त्यांच्याच वयाच्या एका बाईने. कडेवर एक झिपरी मुलगी होती.

"माझी आई," आतून रेवती म्हणाली. "आणि ही चिऊ, माझी लेक."

बाईंनी दारातच बातमी सांगितली. रेवतीने डोळे पुसले आणि मग हसायलाच लागली. "काकू, म्हणजे आता मला चिऊला पाळणाघरात घालता येईल. आपल्याच."

"म्हणजे? तू तिथे शिकवतेस ना?"

"फी मानधनात बसत नव्हती."

बाई चिऊकडे बघत राहिल्या. रोज सकाळी अथर्वला हिच्या हातात देताना त्यांनी हिच्याशी भाजीपासून पोहण्यापर्यंत सगळं बोलून टाकलं होतं. तुझं मूल कुठे असतं, एवढं एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"तुम्ही कधीपासून इथे?" त्यांनी रेवतीच्या आईला विचारलं.

"चिऊ तीन महिन्यांची होती तवापासून. आता दोनाची होईल. तिकडे माझा शिवणाचा क्लास होता, पोरी यायच्या शिकायले. बंद पडला."

"घरी जावंसं नाही वाटलं?"

"वाटून काय करता जी? पोरीचा हात दगडाखाली."

रेवतीने आईकडे पाहिलं, जणू हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. "आई, तू कधी बोलली नाहीस," ती म्हणाली. "जा आता तू घरी. तिकीट काढते तुझं."

आईने नातीचा पापा घेतला, तिला अलगद कुसुमावतीबाईंच्या कडेवर दिलं, आणि पदराने तोंड पुसत विचारलं, "उद्याचं तिकीट भेटन का?"