पोहत, सहा मिनिटे

ऑफिसात त्याला सगळे सांधेवाला म्हणत. बस, फेरीबोट, रिक्षा आणि भाड्याची सायकल एकाच ॲपमध्ये, एकाच तिकिटावर आणायची होती. एका वाहनातून उतरून दुसऱ्यात चढेपर्यंतचा जो तुकडा, तो सांधा. ते सांधे जुळवणं त्याचं काम. या नावामुळे वरच्या मजल्यावरच्या काकू दोनदा गुडघा दाखवायला येऊन गेल्या होत्या. दुसऱ्या वेळी त्याने तो दाबूनही पाहिला.

वडील बस डेपोत टाइमकीपर होते. एकतीस वर्षं त्यांनी गाड्या वेळेवर हाकलल्या, निवृत्तीनंतर घरच्यांना. ॲपच्या उद्घाटनाला पहिला प्रवासी म्हणून त्याने त्यांचंच नाव सुचवलं. वडिलांनी शर्टाला दोनदा इस्त्री केली आणि बिल्डिंगभर सांगितलं, "पोराने सांधे जुळवलेत, मी फक्त बसायचं."

त्या दिवशी हॉल भरला होता. मोठ्या पडद्यावर शहराचा नकाशा आणि त्यावर एक निळा ठिपका, म्हणजे वडील. अकराच्या ठोक्याला ते दारातून आत येणार होते. ठिपका बसमधून उतरला, कालव्याच्या काठी आला आणि त्याच्या डोक्यावर एक पिवळं बदक उगवलं.

सांधेवाल्याने ते लगेच ओळखलं.

कालव्यावरचा पूल दुरुस्तीसाठी बंद झाल्यापासून ॲपमध्ये 'मार्ग तुटला' अशी लाल ओळ येत होती. बसथांबा अलीकडे, फेरीबोटीचा धक्का पलीकडे. मधे काहीतरी भरल्याशिवाय पुढची चाचणी होईना, म्हणून त्याने भरलं होतं: 'पोहत, सहा मिनिटे'. ऑफिस खदाखदा हसलं. चित्रं काढणाऱ्या मुलीने बदक काढून दिलं. सोमवारी ते सगळं पुसायचं होतं. सोमवारी मीटिंग निघाली, 'हातातली कामं वेळेत संपवणे' या विषयावर.

"बदक गोड आहे हं," शेजारून कंपनीच्या मॅडम म्हणाल्या. "बोटीचं चिन्ह ना?"

"हो," तो म्हणाला.

त्याने गुडघ्याआडून वडिलांना फोन लावला. वाजत राहिला. ठिपका काठावर थोडा थांबला, वडील सही करण्याआधी थांबत तसा, आणि निळ्या पट्ट्यात शिरला. कालवा छातीभर खोल होता, मधे जरा जास्त. उठून ओरडावं, एवढंच करायचं होतं. पण पहिल्या रांगेत पाहुणे होते, मागे कॅमेरे, आणि ओरडायचं तरी काय? बाबा पोहतायत? तो बसून राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यानेही वाजवल्या. ठिपका पलीकडे पोचला तेव्हा मात्र टाळी त्याने एकट्यानेच वाजवली.

अकरा वाजून नऊ मिनिटांनी वडील दारात आले. केस चपटे, बूट हातात, शर्टाची इस्त्री गेलेली. फोन तेवढा कोरडा. तो त्यांनी डोक्यावर धरला असणार. चालताना मागे पाण्याची रेघ उमटत होती.

"अहो, हे काय?" मॅडमनी त्यांच्या हातात माईक दिला. "पाय घसरला का?"

वडिलांनी मुलाकडे पाहिलं, मग लोकांकडे. "हो. माझंच चुकलं. फोनचं मला फारसं कळत नाही. ॲप चांगलं आहे."

"वयस्कर मंडळींचं असंच असतं!" मॅडम म्हणाल्या. हॉल प्रेमाने हसला. एकतीस वर्षं एक मिनिट न चुकलेला माणूसही मान खाली घालून हसला.

ते हसू सांधेवाल्याला बघवेना. तो उभा राहिला.

"त्यांना फोन बरोबर कळला," तो म्हणाला. "पोहायचं मीच लिहिलं होतं. चेष्टा म्हणून. पुसायचं राहिलं."

"अरे, बस खाली," वडील हळूच म्हणाले. "मला वाटलं, तू लिहिलंयस म्हणजे काही विचार असेल."

"आणि बदक दिसलं तेव्हाच मला कळलं होतं, बाबा. मी इथेच बसलो होतो."

 वडिलांनी हातातले बूट खाली ठेवले.

"कळलं होतं तुला?"

"हो."

त्यांनी ओला झालेला माईक परत देण्याआधी पुसायला म्हणून शर्टाचं टोक धरलं, मग बाही, मग कॉलर. अंगावर कोरडं काहीच नव्हतं. मुलाने रुमाल पुढे केला. तो न घेता त्यांनी माईक तसाच मॅडमच्या हातात दिला.