तिसऱ्या गाळ्यावरची वर्तुळं

नदीवरचा लोखंडी पूल शंभर वर्षांहून जुना. अलीकडे गोदामं, पलीकडे बेकरी, आणि मधून नदी मुकाट चाललेली. आगगाडी पुलावर आली की बेकरीतल्या बशा किणकिणत, दोन्ही काठांवरची माणसं बोलता बोलता थांबत, आणि गाडी गेली की तेच वाक्य उचलून पुढे नेत.

या पुलाची नाडी बघणारा एक म्हातारा होता. त्याला सगळे हातोडीवाला म्हणत. पुलाच्या तुळया हजारो रिव्हेटांनी जोडलेल्या. दर वर्षी पाणी उतरलं की हा एकेका रिव्हेटच्या डोक्यावर हलकेच हातोडी मारायचा आणि ऐकायचा. टण्ण वाजला तो घट्ट. ठप्प वाजला तो सैल, त्याच्याभोवती खडूचं वर्तुळ. बत्तीस वर्षं हेच काम. त्याची लेक याच पुलावर रंगारी. बाप वाजवत पुढे, लेक रंगवत मागे.

यंदा पुलाच्या तिसऱ्या गाळ्याला, दोन खांबांमधल्या त्या भागाला, गोवर उठावा तशी वर्तुळं उठली. पुलाचे साहेब आले, त्यांनी वर्तुळं मोजली. एवढे रिव्हेट सैल म्हणजे पुलात राम उरला नाही. नवा पूल तसाही कागदावर तयारच होता. उद्या दुपारी सही होणार, जुना पूल बंद होणार.

त्या संध्याकाळी हातोडीवाल्याने ताट तसंच सरकवलं.

"माझ्या हाताखाली गेला गं," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"दोन घास खा बाबा," लेक म्हणाली. तो हलला नाही.

"त्यांना काय सांगतेस?" आई म्हणाली. "माझं तर लग्न झाल्यापासून ऐकलेलं नाही. आता तुझी पाळी!"

लेकीला हसू आलं. आईचा हा टोमणा घरात भांड्यांइतका जुना होता.

सकाळी ती शिडी आणि रंगाचे डबे उतरवायला तिसऱ्या गाळ्यावर गेली. सामान आवरताना एका वर्तुळाशी तिचा हात थबकला. सैल रिव्हेट प्रत्येक गाडीसरशी हलतो. त्याच्या कडेचा रंग तडकतो, खाली गंजाचा तांबडा ओघळ उतरतो. इथे तिचाच गेल्या वर्षीचा रंग होता, दुधावरच्या सायीसारखा अखंड. दुसरा पाहिला. दहावा पाहिला. तिने खरवडणीच्या मुठीने एकावर ठोका दिला.

टण्ण.

पुढच्यावर दिला. टण्ण. पुलाने तिला जणू नावाने हाक मारली. ती होती तिथेच खाली बसली. आईचा टोमणा आठवला, आणि आता त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गप्प राहिलं तर बाप मानाने घरी जाईल, पुलासोबत. बोललं तर पूल वाचेल आणि बाप एकटा जाईल. वरून एक गाडी गेली. ती जाईपर्यंत लेक रडून घेऊ शकली, कारण तेवढ्या आवाजात कुणाला कळलं नसतं. मग ती उठली आणि बापाला हाताला धरून घेऊन आली.

तिने त्याचं बोट रिव्हेटच्या एका बाजूला टेकवलं आणि दुसऱ्या बाजूने ठोका मारला. सैल असता तर बोटाखाली थरथरला असता. लोखंड दगडासारखं स्वस्थ होतं.

त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं. "वाजला?"

"वाजला बाबा. छान वाजला."

"आणि बाकीचे?"

तिने होकाराची मान हलवली. तिने ठोकलेले सगळे.

"म्हणजे पूल धडधाकट आहे!" त्याचा चेहरा उजळला, आजारातून उठलेल्या लेकराला बघावं तसा. तेवढ्यात त्याचं बोट सावकाश कानाकडे गेलं, आणि उजेड विझला.

दुपारी पुलाच्या तोंडाशी साहेबांच्या खोलीपुढे सगळे कामगार जमले होते. हातोडीवाला सरळ आत गेला आणि गरजेपेक्षा फार मोठ्याने म्हणाला, "साहेब, सही करू नका. पूल ठणठणीत आहे. कान माझे गेलेत."

साहेबांनी दुसऱ्या माणसाला पाठवून गाळा तपासून घेतला. तासाभराने तो परतला. चार रिव्हेट सैल, बाकी सगळे घट्ट. साहेबांनी कागद बाजूला ठेवला. म्हाताऱ्याला घेऊन ते दारापाशी आले आणि इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू म्हणाले, "उद्यापासून तुम्ही येऊ नका, काका."

त्याने कानामागे हात धरला. लेकीकडे वळला. "काय म्हणाले गं?"

तिने त्याच्या कानाशी सांगितलं. त्याला कळलं नाही. पुन्हा सांगितलं.

"अगं, नीट बोल की."

उभ्या आयुष्यात तिने बापापुढे आवाज चढवला नव्हता.

"बाबा, उद्यापासून येऊ नका म्हणतात!"

गोदामांपर्यंत आवाज गेला. कामगारांनी माना खाली घातल्या.

"आलं ऐकू," तो म्हणाला. "आलं गं."

ऐकू आलं होतं की सगळ्यांचे चेहरे पाहून कळलं होतं, हे तिने कधीच विचारलं नाही.