समोरून शिकलेला टाका

“बाई, तुमचा टाका उलटा चाललाय.”

शिकवणारा सर्जन बाईंच्या मुलापेक्षाही लहान असेल, पण बोलणं आदबीचं होतं. प्रत्येक टेबलावर स्पंजाचा ठोकळा, त्यावर ताणून बसवलेली रबरी कातडी आणि तिच्यात ब्लेडने केलेली खोटी जखम. खेडोपाडीचे डॉक्टर सकाळपासून त्या जखमा शिवत बसले होते. डॉक्टरीणबाईंचे टाके दिसायला सरळ होते, पण त्यांची सुई अलीकडच्या कडेत शिरून पलीकडे निघत होती.

“सुई पलीकडून घालायची आणि आपल्याकडे आणायची,” सर्जन म्हणाला. “म्हणजे ती कुठे निघतेय ते दिसतं. असं शिकवलं कुणी तुम्हाला?”

“शिकवलं कुणीच नाही हो. मी समोर उभी असायचे.”

शेजारच्या टेबलावर एक आडदांड डॉक्टर होते. सगळे त्यांना पहिल्या चहापासूनच पैलवान म्हणायला लागले होते. त्यांनी मान वर केली. “समोर उभं राहून येतं होय! आमची ही जन्मभर माझ्यासमोर स्वयंपाक करतेय, मला अजून चहा जमत नाही!”

सगळे हसले. बाईही हसल्या, आणि मग उगाचच पर्समध्ये रुमाल शोधायला लागल्या.

आता कुणी म्हणेल, डॉक्टर झालेल्या बाईला साधे टाके येऊ नयेत? अहो, संसारात कामं वाटून घेतली की असंच होतं. दवाखाना उघडला त्याच दिवशी डॉक्टरांनी, म्हणजे बाईंच्या नवऱ्याने, जाहीर केलं होतं, “औषध तुझं, हत्यार माझं.” ताप, खोकला, बाळंतिणी, लेकरं बाईंकडे. टाके, प्लास्टर, गळवं डॉक्टरांकडे. जखम शिवायची असली की बाई टेबलाच्या पलीकडे उभ्या राहून हातात सामान द्यायच्या. प्रत्येक गाठीनंतर डॉक्टर दोऱ्याची दोन्ही टोकं वर धरून नुसतं “हं” म्हणायचे आणि बाई कात्रीने दोरा कापायच्या. डॉक्टर होते बुटके. टेबल उंच पडायचं म्हणून त्यांनी गावातल्या सुताराकडून एक फळी करून घेतली होती. ते तिच्यावर चढले की बाई पेशंटला सांगायच्या, “घ्या, महाराज गादीवर आले!” रडणारा माणूससुद्धा हसायचा.

मग थंडीत एके दुपारी डॉक्टर जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

तेव्हापासून कुणाचं डोकं फुटो की बोट कापो, बाई पट्टी बांधायच्या आणि शहरातल्या इस्पितळाची चिठ्ठी हातात द्यायच्या. शहर डोंगरापलीकडे. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण लोक हळूहळू परस्परच तिकडे जायला लागले. आज बोटासाठी, उद्या तापासाठीसुद्धा. बाकं रिकामी पडली. मुलगा फोनवर म्हणाला, “आई, पुरे झालं आता. विकून टाक आणि ये इकडे.”

“एवढं ते प्रशिक्षण करून बघते,” बाई म्हणाल्या. “नाही जमलं तर लावते कुलूप. मग तू म्हणशील तसं.”

बोलून बसल्या खऱ्या, पण जिवाला घोर लागला. माणूस गेला तो गेला. आता त्याच्या दवाखान्यालाही आपल्याच हाताने कुलूप लावायचं, म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पोचवून यायचं.

“आमचे डॉक्टर शिवायचे, मी समोरून सामान द्यायचे,” बाईंनी सांगितलं, तेव्हा कुठे सर्जनच्या डोक्यात प्रकाश पडला. “म्हणजे आरशात बघून शिकल्यासारखं झालं की! मग डॉक्टरांनाच सांगा ना, एकदा शेजारी उभं करून…”

“ते नाहीत आता.”

पैलवान खाली मान घालून आपला ठोकळा शिवू लागले. मग सर्जनने तो ठोकळा फिरवून पुन्हा बाईंसमोर ठेवला. “तुमच्या हाताला सगळं येतंय, बाई. फक्त आता त्यांच्या बाजूला उभं राहायचं.”

सांगायला काय जातं! संध्याकाळपर्यंत बाईंनी त्या कातडीची चाळण केली. सुई आपल्याकडे आणताना दर वेळी वाटायचं, आपण ती त्यांच्या हातातून ओढून घेतोय. निघताना पैलवान दाराशी थांबले. “बाई, मघाशी मी वेड्यासारखं बोललो.”

“छे हो,” बाई म्हणाल्या. “चहा मात्र शिकून घ्या.”

पुढच्याच आठवड्यात सुतार आला. पटाशी सटकून मनगटाच्या वर लागली होती. फडकं रक्ताने भिजलेलं.

“चिठ्ठी देऊ नका, बाई,” तो म्हणाला. “तिथे ओळखीचं कुणी नाही. तुम्हीच काय ते करा.”

बाईंनी जखम धुतली. एकेक बोट हलवायला लावलं, बोटांची टोकं दाबून कळतंय का विचारलं. सगळं ठीक होतं, फक्त कातडी फाकलेली. चिठ्ठी द्यायला कारणच उरलं नाही. त्यांनी सुताराला टेबलावर निजवलं, बधिर करायचं इंजेक्शन दिलं, सामान मांडलं आणि आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. तिथेच जरा थबकल्या. मग वळसा घालून पलीकडे गेल्या. दिवा खटकन कपाळावर आपटला आणि पाय फळीला अडखळला.

“मीच केलेली ती,” सुतार पडल्या पडल्या म्हणाला. “तुम्हाला कशाला लागते? बाहेर टाका.”

“असू दे,” म्हणून बाईंनी ती पायाने टेबलाखाली सारली.

सुई पलीकडच्या कडेत घातली. आपल्याकडे आणली. सुई हवी तिथेच निघाली. गाठ बसली, फाकलेल्या कडा जवळ आल्या. बाईंनी दोऱ्याची दोन्ही टोकं वर धरली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “हं.”

दोरा तसाच ताठ राहिला. समोर भिंत होती, आणि भिंतीपुढे त्यांची स्वतःची रिकामी जागा. सुतारानेही मान वळवून तिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “कात्री देऊ का, बाई?”

“नको. तिला हात लावायचा नसतो.”

डोळे पुसायचीही सोय नव्हती, हातात मोजे होते. बाईंनी दोन्ही टोकं एका हातात घेतली, दुसऱ्या हाताने कात्री उचलली, दोरा कापला. आणि पुढच्या टाक्यासाठी सुई घेतली.