पाहुण्यांसाठी उघडलेला डबा

"झाकण कोणी काढलं?" ताईंनी विचारलं तेव्हा प्रयोगशाळा बघायला आलेले पाहुणे नुकतेच निघून गेले होते. टेबलावर, फोटोसाठी लावलेल्या दिव्यांखाली, डब्यातल्या बर्फाचं कोमट पाणी झालं होतं.

पाण्यातल्या बाटलीत एका तान्ह्या बाळाच्या थायमसचा तुकडा होता. हृदयाचं ऑपरेशन करताना तिथवर पोचायला सर्जनना छातीतली ही ग्रंथी थोडी कापावीच लागते. एरवी तो तुकडा कचऱ्यात जातो. इथे तो ताईंच्या प्रयोगशाळेत यायचा. रोगाशी लढणाऱ्या पेशी या ग्रंथीतच लहानाच्या मोठ्या होतात आणि वाढताना अंगावरची साखर बदलतात. कच्च्या पेशीला शेंगदाण्यातलं एक प्रथिन चिकटतं. पेशी तयार झाली की वर दुसरी साखर चढते, मग ते चिकटत नाही. हे कुठे अडतं ते शोधण्यात ताईंची उमेदीची वर्षं गेली होती. पण त्यासाठी पेशी जिवंत लागतात, आणि बर्फात ठेवल्या तरच त्या टिकतात.

सकाळी हेच त्यांनी बाळाच्या आईला समजावलं होतं. संमतीपत्रावर सही करताना ती म्हणाली होती, "कुणाच्या तरी लेकराला उपयोग होऊ दे."

"मीच काढलं," विभागप्रमुख सर म्हणाले. "रिकाम्या टेबलाचा काय फोटो काढणार? आणि एवढं काय मनाला लावून घेता? उद्या दुसरा येईल."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुण्यांपुढे हसून उभं राहायला सरांनी त्यांना बाहेर बोलावून घेतलं, डबा फ्रीजमध्ये ठेवतो म्हणून सांगितलं आणि परस्पर शोभेला मांडला. वर लाज म्हणून नाही.

तेवढ्यात खालच्या वॉर्डातली नर्स आली. बाळ गेलं होतं, आणि आई ताईंना विचारत होती.

ताईंनी डबा उचलला. "चला सर. तुकड्याचं काय झालं ते तुम्ही सांगायचं."

सर जिनाभर काहीबाही सबबी सांगत राहिले. ताईंनी एकही कानावर घेतली नाही.

आई बाकावर बसली होती, हातात टोपडं घट्ट धरून. "ताई, तो तुकडा कामाला आला ना?"

ताई सरांकडे पाहत राहिल्या. सरांनी घसा खाकरला. "हो. खूप उपयोग झाला."

बाईने उठून सरांचे दोन्ही हात धरले. "तुमचे उपकार झाले, डॉक्टर."

खरं ताईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. सरांची लाज तिथेच काढता आली असती; पण त्या बाईजवळ एवढंच उरलं होतं, तेही गेलं असतं. ताईंनी राग गिळला. त्या एक पाऊल मागे सरल्या. डब्यातलं पाणी डुचमळायला लागलं, तेव्हा बाईला आवाज ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी डबा छातीशी घट्ट धरला.