डोळे बांधून आणलेली

हिर्डोशीच्या ठकुबाईनं एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस नेल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. मधे येणाऱ्याची मग धडगत नसे. नवरा रखमाजी हे पुरतं ओळखून होता. म्हणून "भोरास्नं कुत्रं आनते" असं तिनं जाहीर केलं तेव्हा त्यानं आडवं येण्याऐवजी नुसती चेष्टा केली.

"पेठेतलं उष्टं खाऊन वाढल्यालं कुत्रं. रानडुकरं आली तर त्यास्नी रामराम घालंल."

"घालू द्या की. तुमी तर तेवडंबी करत न्हाई," ठकुबाई म्हणाली आणि भाकरी फडक्यात बांधू लागली.

कुत्र्याची नड खरी होती. त्या साली बिबट्यानं हिर्डोशीतली कुत्री एकामागून एक उचलली होती, ठकुबाईचा म्हातारा वाघ्यासुद्धा. नाचणीला कणसं धरली होती आणि डुकरांना अडवायला राखणीला कोणी नव्हतं. पिल्लू मागावं तर आसपासच्या वाड्यांवरही व्यायची कुत्री उरली नव्हती. नाचणी गेली तर वर्षभर घरात काय शिजवायचं, हा प्रश्न चेष्टेनं सुटणारा नव्हता.

भोरात मात्र कुत्री उदंड होती आणि तेच त्यांच्या जिवावर बेतलं होतं. पिसाळलेलं कुत्रं चावून पेठेतला एक हमाल दगावला, तेव्हा व्यापाऱ्यांच्या कमिटीनं लाठीवाले नेमले आणि दिसेल ते मोकाट कुत्रं मारायला सांगितलं. त्याला आडवी आली ती एकटी सौदामिनीबाई. संस्थानच्या कचेरीतले कारकून आनंदराव, त्यांची ही बायको. नदीकाठचा बंद पडलेला तेलघाणा तिनं मागून घेतला आणि त्यात कुत्री-मांजरं आणून ठेवू लागली. पेठेनं त्या जागेला 'धर्मशाळा' असं नाव ठेवून हसून घेतलं. सौदामिनीबाईनं ते नाव खुशाल वापरायला सुरुवात केली, त्यामुळे हसण्यातली गंमतच गेली.

कमिटीशी तिचा करार साधा होता. धर्मशाळेतल्या जनावराच्या गळ्यात जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी असायची आणि त्याला लाठीवाल्यांनी हात लावायचा नाही. जनावर कोणी घरी नेलं की चिंधी काढायची. तसं दिलेलं कुत्रं पुन्हा पेठेत मोकाट फिरताना दिसलं तर मात्र लाठीवाले मोकळे.

ठकुबाई दिवसभर चालून भोरात पोचली. धर्मशाळेच्या पडवीतच तिनं पथारी टाकली आणि सकाळी सगळी जनावरं डोळ्यांखालून घातली. एक तांबड्या रंगाची, कान फाटलेली कुत्री सोडली तर सगळी भाकरीकडे धावली. ही आधी माणसाकडे बघत होती. ठकुबाईला ती तिथंच आवडली.

"हिचं नाव तांबी," सौदामिनीबाई चिंधी सोडत म्हणाली. "गुणी आहे. पण तुमचं गाव लांब आहे हो."

"लांब हाय म्हनूनच बरं. परत कशी यील?"

आणि ठकुबाईनं आपल्या मुलखाची रीत केली. हिर्डोशीकडे नवं जनावर आणताना त्याचे डोळे बांधतात, म्हणजे त्याला मागची वाट कळत नाही. दारात आणून गरागरा फिरवतात आणि मग चुलीसमोर डोळे सोडतात. ठकुबाईनं तांबीला पाटीत बसवलं, डोळ्यांवर फडकं बांधलं आणि पाटी डोक्यावर घेऊन सगळी चढण चढली. मान मोडायची वेळ आली, पण पाटी खाली ठेवली नाही. घरी रीतीप्रमाणे सगळं केलं. चुलीसमोर फडकं सोडलं तेव्हा तांबीनं चुलीकडे पाहिलं, रखमाजीकडे पाहिलं, आणि जी ओरडत सुटली ती थांबेना.

दोन दिवसांत दोर कुरतडून ती पसार झाली.

भोराहून येणाऱ्या एका गाडीवानानं बातमी आणली की कुत्री धर्मशाळेच्या दाराशी येऊन बसलीय, पाय सोलून निघालेत. रखमाजी म्हणाला, "संपलं. रामराम घालून गेली." ठकुबाईनं पुन्हा भाकरी बांधल्या.

"आता नाही देणार," सौदामिनीबाई दारातच म्हणाली. "नशीब तिचं, पहाटे आली, लाठीवाले निजले होते. पुन्हा आली आणि पेठेत सापडली तर मला वाचवता यायची नाही. राहू दे इथंच बिचारी."

"हितं तरी किती दिस ऱ्हानार? आन् ती पळाली त्यात तिचा गुन्हा न्हाई बाईसाहेब. चूक माजी."

"तुमची कशी?"

ठकुबाई उंबऱ्यावर बसली. पाटी वाहून आखडलेली मान अजून दुखत होती. पण वाटभर तिच्या मनात वेगळंच काही दुखत होतं आणि आता ते बोलून टाकायलाच हवं होतं.

"माजं म्हायेर भोंगवलीचं. लगीन जालं तवा इवलीशी हुते. गाडीत बसवलं, डोक्यावरनं पार हनुवटीपतुर पदर वढला, आन् सोडला त्यो हितनं लांब हिर्डोशीत, चुलीम्होरं. कुटनं आले, कुटं आले, कायबी ठावं न्हाई. मंग पळाले. धरून आनली. पुना पळाले. मारबी खाल्ला."

"मग?"

"मंग आमचं मामंजी म्हनले, हिला म्या घिऊन येतो. चालत आनली त्यांनी, तोंड उगडं ठिवून. वड्याला थांबलं की म्हनायचं, बग, ह्यो वडा. झाड आलं की, बग, हे झाड. वेशीत आल्याव म्हनले, पोरी, आता वाट तुला ठावं हाय. वाटंल तवा जा, वाटंल तवा ये. त्येच्या मागनं म्या पळाले न्हाई." ठकुबाईनं पदरानं तोंड पुसलं. "येवडं सोसून म्याच त्या मुक्या जिवाचं डोळं बांधलं. लाज वाटती मला. द्या ती कुत्री. ह्या बारीला चालत न्हेते."

सौदामिनीबाईचंही सासर-माहेर होतंच की. तरी तिचा जीव धजत नव्हता.

"आणि वाट कळल्यावर ती आलीच तर?"

"आली तर बांधू नगा."

"अहो, लाठीवाले आहेत!"

"ते तुमी बगा. जायाचं यायाचं ते मी तिला शिकिवते."

असल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. सौदामिनीबाईनं चिंधी सोडली.

ठकुबाई तांबीला घेऊन निघाली. दोर ढिला ठेवला होता. तांबी हुंगेल तिथं ती थांबे, मग तो मैलाचा दगड असो की शेणाचा पो. ओढ्यात कुत्रीला पाणी पाजलं, झाडाखाली भाकरी मोडून दिली. "बग, ह्यो वडा. बग, ह्यो आंबा," असं मोठ्यानं सांगत ही बाई कुत्र्याबरोबर चाललेली पाहून वाटेवरच्या माणसांनी तोंडात बोटं घातली. तिनं कोणाकडे ढुंकून पाहिलं नाही. सोललेल्या पायांच्या कुत्रीला घाई करायची नाही म्हणून वाटेत एका पाहुण्याकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी हिर्डोशीच्या वेशीत तिनं दोर सोडला आणि काखोटीला मारला.

"अगं, पळंल ती!" समोर आलेला रखमाजी ओरडला.

"पळू द्या."

तांबी आली त्या वाटेकडे तोंड करून उभी राहिली. ठकुबाईनं हाक मारली नाही. ती घराकडे चालू लागली. थोड्या वेळानं मागून नखांचा आवाज आला.

त्यानंतर तांबीनं नाचणी राखली. डुकरांना रामराम घातला नाही, चांगला पाठलाग केला. रखमाजी आपल्या ताटातली भाकरी तिला चोरून देऊ लागला आणि ते ठकुबाईला दिसत नाही असं समजत राहिला.

कापणी तोंडावर आली होती. एका सकाळी ठकुबाईनं हाक मारली तर तांबी नाही. बांधावर नाही, गोठ्यात नाही, ओढ्याला नाही. त्यात दुसरा दिवस भोरच्या बाजाराचा, म्हणजे पेठेत लाठीवाल्यांची नेमकी कडक राखण.

"वाट दावलीस ना? घे आता," रखमाजी म्हणाला. पण म्हणताना त्याचा आवाज फाटला आणि तो खाली बसला.

आपण शहाणपण केलं आणि कुत्री जिवानिशी जाणार, हे ठकुबाईला लख्ख दिसत होतं. तरी ती निघाली. त्या दिवशी पाहुण्याचं घर गाठलं आणि उजाडताच पुढं झाली. प्रत्येक ओढा, प्रत्येक झाड तिला टोचत होतं. बग, ह्यो वडा. बग, ह्यो आंबा. कशाला सांगितलं आपण?

उन्हं चढली. आंब्याच्या वळणावर समोरून काहीतरी तांबडं येताना दिसलं.

तांबी दुडक्या चालीनं येत होती, भोराकडून हिर्डोशीकडे, रस्त्याच्या कडेनं, तिच्या मागं कोणी नव्हतं आणि गळ्यात दोर नव्हता. गळ्यात होती नव्या लुगड्याच्या काठाची रुंद हिरवी पट्टी, लाठीवाल्याला लांबून दिसावी अशी. सौदामिनीबाईनं तिला पोटभर घातलं होतं, चिंधी बांधली होती आणि सोडून दिलं होतं.

ठकुबाई रस्त्यातच बसली. तांबीनं तिचं तोंड चाटलं, मग थोडी पुढं जाऊन मागं वळून पाहिलं, चल म्हणाल्यासारखं.

"आलीस व्हय गं म्हायेराहून?" ठकुबाई म्हणाली. तिनं हिरव्या पट्टीवरून हात फिरवला आणि तिला रडू आवरेना. "बाईसाहेबांनी लुगडं नेसवलं माज्या पोरीला."

मग ती उठली. तांबी पुढं आणि ती मागं, अशा दोघी घरी निघाल्या.